उजव्या पायाचा हट्ट

कुंदा,

काल तुझा बारावा झाला. माणसं जेवून गेली, मोठी भांडी घासून पालथी घातली, बसायला मागवलेल्या कदेली टेंपोत चढल्या, आणि घर एकदम इतकं रिकामं झालं की मला तुझा रागच आला. रडू येण्याच्या आधी राग येतो, असं गेले काही दिवस चाललं आहे. आलेल्या बायका पाठीवरून हात फिरवून म्हणत होत्या, नणंद असावी तर अशी. मी मान हलवत होते. मनात म्हणत होते, तुम्हाला काय ठाऊक हिनं मला किती छळलं ते.

तुझी बाकीची माहिती पेपरात आली आहे, ती मी इथे सांगत बसत नाही. फोटो तुझ्या दादानं दिला. वेणी माळलेला, कुणाच्या तरी लग्नात तुला दरडावून उभं केल्यासारखा. खाली छापलंय, ‘मनमिळाऊ स्वभावाच्या’. मला त्या दिवसांतही हसू आलं. तू मनमिळाऊ कधी होतीस? तू कामाला होतीस त्या मांद्र्याच्या दोन खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये उतरणारे गोरे पाहुणेसुद्धा तुला टरकून असायचे. पायाला वाळू घेऊन कुणी उंबऱ्यात आला की तू त्याला बोटानं विहीर दाखवायचीस, आणि तो मुकाट्यानं पाय धुऊन यायचा. तुझं म्हणणं खरं करायला तुला भाषेची गरज लागत नसे.

अशाच एका पाहुणीनं जाताना तो स्केटबोर्ड तुझ्या गळ्यात घातला. विमानात जास्तीचं ओझं नको म्हणाली. तू तो बसमधून मांडीवर उताणा घेऊन आलीस, चाकं वर. आईंनी विचारलं, ही कसली फळी, हिच्यावर मासे कापायचे काय? तू म्हणालीस, नाही, हिच्यावर वयनी उभी राहणार. मी तेव्हा कुळीथ निवडत होते. मला वाटलं चेष्टा आहे, म्हणून मी मान वर केली नाही. तिथेच चुकलं. तुझी चेष्टा पहिल्याच वेळी मोडून काढली नाही तर ती पुढे घराचा नियम होते, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

मी डिचोलीची. आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे, एकामागे एक, सगळा रस्ता लाल. त्या ट्रकांच्या भीतीनं बाबांनी आम्हा बहिणींना सायकलला हात लावू दिला नाही. लग्नानंतर तुझ्या दादानं स्कूटर शिकवायची म्हणून मला बसवलं, मी ती सरळ केळीत घातली, तो ओरडला, आणि ते प्रकरण तिथेच संपलं. तेव्हापासून तुयेच्या कारखान्यात जायला मी आणि ती कंपनीची बस. बस चुकली की दिवस गेला. बाजाराला जायचं तर कुणाच्या तरी मागे बसून. चाळिशी ओलांडली तरी ह्या बाईला कुणीतरी पोचवायला लागतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त सलायचं. तू तुझ्या स्कूटरवरून मला सोडायला निघालीस की तोंडानं बोलायची नाहीस, पण किल्ली अशी आपटायचीस की ऐकू यावं.

“वयनी,” तू म्हणालीस, “तुका गाडयेची भीती नाय. तुका पडूची भीती. आदी पडूक शीक. हेच्यावरसून पडलंस तर जमीन चार बोटांर आसा.”

पटण्यासारखं होतं, हीच तर अडचण. तुझं सगळंच आधी पटण्यासारखं असायचं.

आपल्या गावात सपाट सिमेंट म्हणजे देवळापुढचं पटांगण. होळीच्या शिगम्यात तिथेच देवाचा मांड भरतो, म्हणून एरवीही तिथे कुणी चप्पल घालून चढत नाही. तेव्हा आपली शाळा अनवाणी. जगात सगळीकडे लोक ह्या खेळाला जाड तळाचे बूट घालतात, तुझ्या मोबाइलवरच्या व्हिडिओत मी पाहिलं होतं. मी म्हटलं, बूट नाहीत तर नको. तू म्हणालीस, देव बुटांपेक्षा जुना. फळीवर तो काळा खरखरीत कागद, आणि त्याच्यावर माझे उघडे तळवे. पहिल्या रविवारी घरी येऊन मी पाय पाण्यात घातले ते दिवेलागणीपर्यंत काढले नाहीत.

पण खरा छळ तळव्यांचा नव्हता. तो पायाचा होता, आणि त्याबद्दल आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. म्हणून ते मी आज पहिल्यापासून मांडणार आहे. मधे बोलायला तू नाहीस, तेवढीच मला संधी.

फळीवर जो पाय पहिला ठेवायचा तोच पुढे राहतो, आणि दुसऱ्यानं जमीन मागे ढकलायची. तू म्हणालीस, उजवा पहिला. मी ठेवला. उजवा पुढे, डाव्यानं ढकलायचं. मला ते डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटलं. ढकललं की कंबर एकीकडे, फळी दुसरीकडे. तू पाठीशी उभी राहून सूचना देत होतीस. गुडघे वाकव. खाली बघू नको, समोर बघ. हात असे पसरू नको, कोंबड्या हाकलत नाहीस तू. मी पडले. परत चढले. परत पडले. तू मात्र एका दुपारीत पटांगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला साडी खोचून गेलीस, जशी काही जन्मल्यापासून जातेस. तुझा स्वतःचा पाय उजवाच होता, तुला काय कळणार?

मग मी म्हटलं, मी डावा पुढे ठेवून बघते. तू एकदम गंभीर झालीस.

“आई बघता,” तू म्हणालीस. “उजवोच.”

आई समोरच्या सोप्यावर बसल्या होत्या. आपल्या घराचं दार सरळ पटांगणावर उघडतं, आणि दुपारची झोप सोडून त्या दर रविवारी आपला तमाशा बघत बसायच्या. त्यांच्या बघण्याशी माझ्या पायाचा काय संबंध, हे बाहेरच्या कुणाला कळणार नाही. ते फक्त तुला आणि मला ठाऊक होतं.

मी नवी नवरी म्हणून ह्या घरात आले, तेव्हा तू शाळेत जाणारी, परकर-पोलक्यातली. नणंद म्हणून दार अडवायचा मान तुझा. उंबऱ्यावर तांदळाचं माप, मागे वाजंत्री, पुढे आई आरतीचं तबक घेऊन. मला काही दिसत नव्हतं, आणि घाबरून मी पाय उचलला तो डावा. तो मापाला लागलाही. थोडे तांदूळ सांडले. कुणाच्या लक्षात यायच्या आत तू माझ्यापुढे आलीस, परकर पसरून अशी उभी राहिलीस की आतून काही दिसू नये, माझ्या दंडाला चिमटा काढलास आणि म्हणालीस, “परत.” मी पाय मागे घेतला, उजवा टाकला, माप कलंडलं, सगळे हसले, आरती झाली. एवढीशी पोर तू. त्या दिवशी ह्या घरात मला एकच माणूस मिळालं असं वाटलं होतं, आणि ते खरं निघालं.

पुढे दोन पावसाळ्यांनी मामंजी गेले. मग गाय गेली. मग मला पोटी मूल राहीना. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारी, सुनेचं पाऊल कसं पडलं होतं? आणि प्रत्येक वेळी तू ठणकावून सांगायचीस, उजवं, मी दारात होते, मी बघितलंय. तुझ्या त्या एका खोट्यावर मी ह्या घरात ताठ मानेनं राहिले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तू ऐकूनही घेतलं नसतंस, विषय बदलून भाताला पाणी ठेवायला गेली असतीस.

पण म्हणून फळीवरही? मी तुला किती वेळा विचारलं. ते लग्न होतं, हा खेळ आहे. तू म्हणालीस, “एकदां सांबाळून घेतलंय, वयनी. आता सगळ्यांसमोर, मांडार, आईच्या नजरेफुडे परत डावो घालू नको.” म्हणजे एवढी वर्षं झाकलेलं एका स्केटबोर्डवरून उघडं पडेल अशी तुला भीती. मला हसू आलं, आणि संतापही आला. तुझ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कारखान्यात माझ्या शेजारी पॅकिंगला असते ती राजश्री, चंदगडकडची. तिला मी सोमवारी सोमवारी कोपर-गुडघे दाखवायचे. ती आधी म्हणाली, ताई, ह्या वयात काय हे खूळ? मग एकदा बसमध्ये चढताना मागून धक्का बसला आणि मी सावरले, तेव्हा तीच म्हणाली, “ताई, तुमचा डावा पाय पुढं पडतोय बघा. रोज तसाच पडतोय.” मी ते तुला येऊन सांगितलं. तू म्हणालीस, बसचं वेगळं. आणि माझ्या पायाला लावायला खोबरेल तेलाची वाटी पुढे केलीस.

त्या तेलाचंही सांगून टाकते. चाकं कुरकुरायला लागली तर तू तीच वाटी चाकांत ओतलीस. तुझं सगळ्या दुखण्यांवर ते एकच औषध. दाराच्या बिजागरीला खोबरेल, केसाला खोबरेल, भाजलं तर खोबरेल. आठवडाभर चाकं छान फिरली. मग पटांगणावरची तांबडी माती त्यात बसली, चिकटली, आणि पुढच्या रविवारी मी जरा कुठे वेग घेतला तर पुढचं एक चाक जागच्या जागी थांबलं. फळी थांबली, मी थांबले नाही. पोदेर नेमका पाव घेऊन आला होता. त्यानं सायकल टेकवून मला उचललं, आणि हॉर्न वाजवायचा विसरून दोन उंडे पाव तसेच हातात देऊन गेला. तू काय म्हणालीस? नाचता येईना अंगण वाकडं. गुडघ्यातून रक्त येत होतं माझ्या. मग तूच संध्याकाळभर पायरीवर बसून चाकं उघडलीस, रॉकेलनं धुतलीस, सुकवलीस, पण तेलाबद्दल चुकलं म्हणून शब्द नाही.

आणि तरीही, कुंदा, मी शिकत होते. हळूहळू, रडतखडत, उलट्या पायानं. उभं राहायला लागले. एक ढकल, मग दोन, मग पाय वर घेऊन पटांगणाच्या अर्ध्यापर्यंत. टाचेवर भार दिला की फळी एकीकडे वळते, चवड्यावर दिला की दुसरीकडे, हे ज्या दिवशी माझ्या पायाला कळलं त्या दिवशी मी रात्रीच्या भाकऱ्या थापताना टाच-चवडा, टाच-चवडा करत होते, आणि तुझा दादा बघतच राहिला. चाळिशीनंतर अंगाला काही नवं कळतं, हा आनंद तू मला दिलास. तो तुला दिसला होता का, कोण जाणे. तू तेव्हा पायरीवर बसून दम खात होतीस.

तो दम. तिथूनच सगळं बिघडलं.

आधी तू एक फेरी मारून बसायचीस. मग अर्धी. मग फळीला हातच लावेनाशी झालीस, नुसती सूचना देत बसायचीस, एक हात छातीवर. गॅस झालाय म्हणायचीस. ओवा चावायचीस. घामानं तुझा ब्लाऊज भिजलेला मी पाहिला, तेव्हा ऊन कलून गेलं होतं. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तू उठून माझी फळी सरळ केलीस. मी पुढच्या रविवारी परत म्हटलं. तू म्हणालीस, आधी तू तो उतार उतर.

पटांगणाच्या कडेपासून डांबरी रस्त्यावरच्या मोरीपर्यंत सिमेंटची वाट जाते. फार नाही, पण उतार आहे, आणि मध्यावर दोन सिमेंटांच्या सांध्यात एक चीर आहे. तिथे चाकं टक्क करून उडतात. त्या चिरेपर्यंत आले की मी प्रत्येक वेळी उडी टाकायची. फळी एकटीच मोरीपर्यंत जायची, आणि खाली रस्त्यात हात पसरून, येणाऱ्या गाड्या अडवून तू उभी असायचीस ती तिला पायानं अडवायचीस. परत वर चढून यायला तुला दर वेळी जास्त वेळ लागत होता. मला ते दिसत होतं.

“तू उताराक भितंस, मी डाक्तराक,” तू म्हणालीस. “ज्या आयताराक तू मोरयेपर्यंत उतारतलंस, त्याच्या दुसऱ्या दिसा, सोमारी, मी डाक्तराकडे. रजा मात्र तू घेवची.”

मी हातावर हात मारला. मला ते सोपं वाटलं होतं. मला वाटलं, पुढच्याच रविवारी करते आणि हिला धरून नेते. पण पुढच्या रविवारी चीर आली आणि मी उडी टाकली. त्याच्या पुढच्या रविवारीही. उजवा पाय पुढे असला की त्या चिरेवर माझा तोल मागेच जात होता. मी तुला ओरडून म्हटलं, डावा ठेवू दे, एकदाच. तू खालून ओरडलीस, उजवो. वर सोप्यावर आई बसलेल्या. मी फळी आपटली आणि घरात निघून गेले. त्या संध्याकाळी आपण बोललो नाही. सोमवारी तू हसत होतीस, मीच तोंड फुगवून होते. मंगळवारी सकाळी तू गेस्टहाऊसला चादरी वाळत घालत होतीस, आणि मी तुयेला डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून बसले होते, तेव्हा मला बाहेर बोलावलं.

मला लोक सांगतात, तिला ओढत डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. तुला ओढत नेणारा अजून जन्माला यायचा आहे. काही जण सांगतात, स्वतःला दोष देऊ नकोस. मी देतच नाही. मी तुला देते. अट तू घातलीस, पाय तू अडवलास. दोन्ही दोऱ्या तुझ्याच हातात होत्या, आणि मी मध्ये. घरातून तुला शेवटचं उचललं तेव्हा अंगणात गर्दी हलली, मला मागून धक्का लागला आणि माझा डावा पाय पुढे पडला. अशा वेळीसुद्धा माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘बघ’. तुला दाखवायला हवं होतं मला ते. दुसरं काही सुचलंच नाही.

आता कालचं ऐक. हे ऐकून तू कपाळावर हात मारून घेशील.

सगळे गेल्यावर आई सोप्यावर बसल्या होत्या. मी त्यांना पेज नेऊन दिली. त्या पटांगणाकडे बघत होत्या. म्हणाल्या, ती फळी कुणाला देऊन टाकू नको. मी म्हटलं, नाही देत. मग माझं मलाच आवरेना. मी म्हटलं, आई, मला ती कधी जमलीच नाही, कुंदा मला उजवाच पाय ठेवायला लावायची. त्या पेज ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुजो पाय डावो. उंबऱ्यार पयलो डावोच पडलेलो. मी तेन्नाच बघलेलंय.”

मी विचारलं, मग तुम्ही कधी बोलला कशा नाहीत?

“काय बोलू? पाय डावो काय नि उजवो काय, घरांत ईलंस मां? आणि कुंदा मदीं उबी रवलेली. ल्हान चेडूं, येवडां धीट. म्हटलां, रवांदे तिचां.”

कुंदा, त्यांना ठाऊक होतं. तू परकर पसरून उभी राहिलीस तेव्हाही, मामंजी गेल्यावर तू ठणकावून खोटं बोललीस तेव्हाही. तू ज्यांच्यापासून झाकत होतीस त्याच तुझं झाकणं सांभाळत होत्या. आणि ह्या दोन शहाण्यांच्या मध्ये मी सगळे रविवार उलट्या पायावर उभी होते. तुम्ही मायलेकींनी एकदा, फक्त एकदा, पेज पिताना बोलून घेतलं असतं तर मी डावा पाय ठेवला असता, चीर पार केली असती, आणि सोमवार आला असता. मी आईंच्या समोर रडले नाही. मागच्या दारी गेले, नारळाच्या आळ्यात उभी राहिले, आणि तुला मोठ्यानं शिव्या घातल्या. शेजारणीनं डोकावून बघितलं आणि जनेल लावून घेतलं.

आज रविवार. दुपारी मी फळी काढली. चाकं फिरवून बघितली. रॉकेलनं धुतलेली, अजून मोकळी आहेत. आई सोप्यावर होत्याच. तुझा दादा चहा पीत होता, त्यानं माझ्याकडे बघितलं, कप ठेवला, आणि काही न विचारता माझ्या पुढे चालत उतारानं खाली गेला. मोरीजवळ, तू जिथे उभी असायचीस तिथे, हात पसरून उभा राहिला. स्कूटर केळीत घातल्याबद्दल ओरडणारा तो हाच माणूस.

मी पटांगणाच्या कडेला चप्पल काढली. फळी ठेवली. डावा पाय पुढे ठेवला. आणि थांबले. दंडाला चिमटा बसेल म्हणून थांबले, कुंदा, खोटं नाही सांगत. आई सरळ माझ्या पायाकडे बघत होत्या. त्यांनी फक्त हात वर केला, जा म्हणून.

मी ढकललं. डाव्या पायानं फळी अशी धरली की मला स्वतःचीच चीड आली, इतकं सोपं होतं ते. वाट खाली वळली, वेग आला. खाली बघू नको, समोर बघ. मी तुझ्या दादाच्या शर्टाकडे बघितलं. चीर आली, चाकं टक्क झाली, मी फळीवरच होते. मग कसलाच विचार नव्हता, नुसता वारा आणि सिमेंटचा आवाज. आणि मोरी समोर आल्यावर मला कळलं की थांबायचं कसं हे तू मला शिकवलंच नव्हतंस, कारण तिथपर्यंत मी कधी पोचलेच नव्हते. मी जाऊन तुझ्या दादावर आदळले. दोघं गवतात. त्यानं मला धरून ठेवलं होतं आणि तो हसतोय असं मला वाटलं, पण तो हसत नव्हता.

“कुंदान बघूक व्हयां हुतां,” एवढंच तो म्हणाला. फळी त्यानंच वर आणली.

त्यानं आणखीही एक सांगितलं, चालता चालता. म्हणाला, स्कूटर बाहेर काढतो, कुंदाची. चार दिवसांनी म्हटलं मी. चार दिवसांनी बसेन. पडले तर पडले, ते आता मला येतं, तेवढं तू पक्कं करून घेतलंस. ह्याबद्दल तुला धन्यवाद वगैरे म्हणावं असं वाटतं आणि जीभ उचलत नाही, कारण त्याच्या मागोमाग परत तेच तोंडाशी येतं, की उजव्या पायाचा हट्ट तू का सोडला नाहीस. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक सोडता येत नाही.

उद्यापासून कामावर जायचं होतं. संध्याकाळी सुपरवायझरला फोन करून आणखी एक दिवस मागितला. कशासाठी, त्यानं विचारलं. नणंदेला डॉक्टरकडे न्यायचंय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. इतके दिवस कसली रजा होती हे त्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणाला, बरं.

मी उतरले, कुंदा. उद्या सोमवार आहे.